काकींचं कापलेलं वाक्य

महाडात माझा लग्नाचे व्हिडिओ करण्याचा धंदा आहे. पोलादपूरकडच्या एका वाडीवर दरड कोसळली, त्यानंतर काही वर्षं मी सवड मिळेल तसा तिथल्या लोकांचं बोलणं कॅमेऱ्यात धरून ठेवायला जात होतो. कोणी सांगितलं नव्हतं. विसरलं जाऊ नये, एवढंच वाटायचं. कोणी विचारलं तर 'हे कोणाचंच नाही' असं सांगायचो.

तिथे एक काकी होत्या. त्यांचा नवरा आणि सून दरडीत गेले. सरकारने बांधून दिलेल्या घराच्या पायरीवर बसून त्या म्हणाल्या, "घर बरं हाय. भिंती पक्क्या हायत. पण आमची दोगं अजून तिथंच मातीखाली हायत. त्यांना कोणी काढलंच नाय."

पुढे निवडणूक आली. एका उमेदवाराच्या कचेरीने माझ्याकडे पुनर्वसनावर दोन मिनिटांची फिल्म मागितली. मी काकींचं बोलणं "पक्क्या हायत"वर कापलं. त्याला त्यांचं हसू जोडलं. ते शेळीने पदर ओढला तेव्हाचं होतं. यात खोटं चित्र एकही नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

प्रचाराच्या गाडीवर ती फिल्म गावोगाव फिरली. वाडीवरही गेली. काकींकडून तक्रार आली नाही. पण भर दुपारी दुकानात लग्नाचा व्हिडिओ जोडत असलो, की मंगलाष्टकं संपून वाजंत्री सुरू होण्याच्या मधल्या शांततेत हेडफोनमध्ये काकींचा श्वास ऐकू यायचा. बोलायच्या आधी घेतात तसा. व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा ऐकला, तर तिथे काहीच नसायचं.

शेवटी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"काकी, तुमचं पुढचं बोलणं मीच कापलं," म्हणालो, आणि सगळं चित्रण लावलं. त्या स्वतःकडे बघतच नव्हत्या. चित्रात पाठीमागे डोंगर होता, त्याच्यावरचा दरडीचा तांबडा ओरखडा बघत होत्या.

"आता हे असंच्या असं लोकांना दाखवतो."

"ह्ये दुसऱ्या पार्टीचं काय रे?"

"नाही काकी. हे कोणाचंच नाही."

"तवा पण तू असंच बोल्ला होतास."

त्या शांतपणे उठून आत गेल्या. मी बॅग भरून बाहेर पडलो, तर शेजारची बाई तिच्या पायरीवर येऊन बसली होती. तिने केस सारखे केले, पदर नीट घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय बोलायचं हाय, ता सांगा."