लकी बांबू

रविवारी सकाळी दारावर काठी वाजली की आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगमध्ये सगळे ओळखायचे, गायकवाडबाई आल्या. केमोने केस गेलेले, म्हणून डोक्यावर नातवाची क्रिकेटची टोपी. "ड्रम दाखवा," एवढंच म्हणायच्या. पाणी येणार दिवसाआड, म्हणून आम्ही ड्रम भरून ठेवणार आणि त्यात डासांची बारशी होणार. बाई समोर उभ्या राहून ड्रम ओतून, घासून घ्यायच्या.

त्यांचा जन्म अंबरनाथच्या एका कारखान्यात माल तपासण्यात गेला. निवृत्तीनंतर तपासायला आम्हीच उरलो होतो. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, केमोने पेशी आधीच कमी झाल्यात, त्यात डेंग्यू झाला तर निभावणं कठीण. सोसायटीचे सेक्रेटरी ड्रमवरून कुरकुरले तेव्हा बाई म्हणाल्या, "माझा कॅन्सर शिस्तीचा आहे हो, तारीख देऊन छळतो. तुमचे डास कमिटीसारखे, न बोलावता येतात."

याच सेक्रेटरींना एकदा माणुसकीचा झटका आला. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारातून त्यांनी लकी बांबू आणला. काचेच्या वाडग्यात पाणी, रंगीत खडे, वर लाल रिबन. आयुष्य वाढतं म्हणे! अख्खी कमिटी तो बाईंच्या टीपॉयवर ठेवून, फोटो काढून, चहा पिऊन गेली. पाणी बदलू नका, लक जातं, अशी ताकीदही देऊन गेली. सेक्रेटरींची बायको रोज संध्याकाळी यायची, बांबूची तब्येत विचारायला. भीड भिकेची बहीण, असं बाईच आम्हाला ऐकवायच्या. पण कुणी मायेनं काही दिलं की ही फटकळ बाई मेणाहून मऊ. तो एक वाडगा त्यांनी कधी ओतला नाही.

ताप आला, तो आधी सगळ्यांना केमोचाच वाटला. तपासणीत डेंग्यू निघाला आणि पेशी घसरतच गेल्या. त्यांचे कपडे न्यायला मी घरी गेले, तर वाडग्यात अळ्या वळवळत होत्या. हॉस्पिटलात सांगितलं तेव्हा त्या कष्टाने हसल्या.

"अख्ख्या बिल्डिंगचे ड्रम पालथे घातले गं मी," त्या म्हणाल्या, "आणि पाहुणचार माझ्याच घरी चालला होता."

त्या परत आल्याच नाहीत. कॅन्सरशी दोन हात करणारी बाई आमच्या शुभेच्छांनी गेली, याचा मला अजून संताप येतो.

बाई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला सेक्रेटरी आले. बाईंच्या शिस्तीवर भरभरून बोलले, डोळे पुसले आणि फोटोपुढे नवा लकी बांबू ठेवला, पाण्यासकट. मी उठले, वाडगा उचलला आणि मोरीत रिकामा केला. मग तो घासून आणला आणि फोटोपुढे पालथा ठेवला.