कागदावरची नदी वाळेना

हे वाचून कुणी नारळ-लिंबू सुचवू नका, आधीच सांगते. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच दिवशी भुतंखेतं न् अंगारे-धुपारे घराबाहेर गेले, ते परत आले नाहीत. मी चित्रकलेची शिक्षिका. वर्गात कुणी करणी-बिरणी म्हटलं की त्याची खैर नसते. तरी लिहितेय, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचं गाव सिंदफणेच्या काठाला. काही वर्षांपूर्वी दुष्काळ पडला, तेव्हा सहकारी कारखान्याला गाळायला ऊसच नव्हता. माझा धाकटा भाऊ मिलिंद तिथं हंगामी कामगार. काम गेलं तसं त्यानं नदीच्या कोरड्या पात्रात टरबुजाची वाडी लावली. वाळूत झिरा, म्हणजे पाझराच्या पाण्याचा खड्डा, खांदून, घागरीनं पाणी घालून वेल जगवले. राखणीला तिथंच खोपीत झोपायचा.

एका रविवारी मी काठावर बाभळीखाली चित्र काढत बसले. पोरांना दाखवायला सोपी नदी — वॉटरकलरचे दोन-तीन वॉश, वरून पांढऱ्या खडूनं धुकं. नुसती वाळू काय काढायची... म्हणून पात्रात मनानंच निळ्या पाण्याचा बारीक पट्टा काढला. कडेला मिलिंदची खोपी.

तो मागं येऊन उभा. "अक्का, नदीत घोटभर न्हाई अन् तू कागदावर पूर आणलास व्हय?"

"गप रे. एखादं टरबूज काप."

आमच्याकडच्या उन्हाळ्यात ब्रश उचलायच्या आत रंग वाळतो. आभाळ वाळलं, झाडं वाळली. पाणी वाळेना. खडू फिरवला तर त्याचा चिखल झाला. रुमालानं टिपलं — रुमालावर निळा नाही, गढूळ डाग. चोळून बघितलं तर बोटांना बारीक वाळू लागली. अहो, मी टँकरचं गाळलेलं पाणी वापरत होते! परत टिपलं, परत ओलं. आणि ओल वर सरकत होती... पट्टा सोडून, काठ सोडून, पार खोपीच्या दारापर्यंत.

"मिल्या, आज घरी झोप."

"कावून?"

मी चित्र दाखवलं. तो हसला. "रंग पातळ झाला आसंल. आभाळात ढग न्हाई, पानी कुठून येनार? उद्या व्यापारी येनार हाय, येडी झालीस का?"

मी रडले, भांडले, शेवटी त्याच्या लेकीची शपथ घातली. शपथ... मी! कुरकुरत आला बिचारा.

त्या रात्री थेंबही पडला नाही. पण राखणीला कुणी नाही बघून रानडुकरांनी सगळी वाडी फोडली. सकाळी तो फुटक्या टरबुजांत उभा होता. "तुज्या रंगापायी माजं वरीस गेलं, अक्का." एवढंच म्हणाला. बायको-लेकीला घेऊन पुण्याला वॉचमन म्हणून गेला, माझ्याशी बोलणं बंद. आणि चित्र? खडखडीत वाळलेलं! रागानं मी ते कपाटावर फेकलं.

पुढं मी बीडला आले; सामानाबरोबर चित्रही आलं, पुन्हा कपाटावरच गेलं. कागद खराब होता, ऊन लागलं होतं, अशी मनाची समजूत घालत वर्षं गेली. पटतही आलं होतं. भावाची आठवण मात्र एकाही रक्षाबंधनाला चुकली नाही.

आणि आज त्याचा फोन. स्वतःहून! "अक्का, रागावलीस का गं आजून?"

"मी रागावू? अरे, तूच बोलत नव्हतास ना!" दोघंही रडलो. मग म्हणाला, "गावाकडं आलोय. औंदा नदी पुन्हा आटली. वाडी लावलीय, जुन्याच जागी. आजपस्नं खोपीत झोपतोय. ह्या येळी शपथ घालू नको, बरं का!"

मीही हसले. फोन ठेवून, त्याच हसऱ्या तोंडानं स्टुलावर चढून कपाटावरून ते चित्र खाली घेतलं. धूळ पुसायला हात फिरवला.

आभाळ कोरडं, झाडं कोरडी. खोपीवर बोटं ओली झाली.

याचा अर्थ मला त्या दुष्काळात कळला नाही, आजही कळत नाही. पुन्हा अडवलं तर भाऊ कायमचा तुटेल. म्हणून अडवणार नाही. शपथही घालणार नाही. दुपारच्या एसटीनं निघतेय. पांघरूण घेतलंय सोबत. बहिणीला एक रात्र तुझ्याशेजारी खोपीत झोपू दे म्हटलं, तर नाही म्हणायचा नाही तो.