तलवारीला लावलेलं कुंकू

वासुदेवची जीभ एक मिनिट गप्प बसत नसे. त्यामुळे सत्त्याण्णव साली दोन महिन्यांच्या सुट्टीवर निघालेल्या मोरिताभाऊंनी, म्हणजे त्याच्या जपानी साहेबांनी, आजोबांची तलवार ह्याच्यावर सोपवली तेव्हा आखातातल्या देऱ्यातलं अख्खं ऑफिस खो खो हसलं. तलवारीचा पहिला नियमच होता: पातं उघडं असताना बोलायचं नाही. तोंडाची वाफ लागून गंज चढतो, म्हणून ओठांत कागद धरायचा. आणि पात्याला बोट तर मुळीच लावायचं नाही.

वासुदेवची छाती फुगली. दर पंधरा दिवसांनी तो ओठांत कागद धरून जुनं तेल पुसायचा, रेशमी पुरचुंडीतली पांढरी पूड तान्ह्या बाळाला पावडर लावावी तशी हलकेच थापायचा, ती पुसून नवं तेल लावायचा. तेलाला लवंगेचा वास. घरी बायको, मंजुषा, विचारायची, "अहो, आज परत डेंटिस्ट?"

मग आली खंडेनवमी. दरवर्षी पूजेला विळी आणि स्क्रू-ड्रायव्हर. यंदा खरं शस्त्र! पठ्ठ्याने तलवार चादरीत गुंडाळून अजमानला घरी आणली. ओठांत कागद धरला, श्वास आवरला, सगळे नियम पाळले आणि ओल्या बोटाने पात्याला ठसठशीत कुंकू लावलं.

"अहो, बोट लावायचं नव्हतं ना?" मंजुषा किंचाळली.

ओठांत कागद होता, म्हणून त्याने नुसते डोळे वटारले. पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवत नाहीत. तेही पाळलं.

सकाळी कुंकू पुसलं, तर खाली तांबूस डाग. पूड झाली, तेल झालं, डाग हलेना. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण माणसाने विश्वासाने आपला आजोबा हातात दिला होता!

साहेब परतले त्याच दिवशी त्याने सांगून टाकलं. "सर, माझी मिस्टेक. पूजा केली, बोट लागलं."

मोरितांनी ओठांत कागद धरून डाग निरखला. मग पात्यावर तेल फिरवून ते म्यानात सरकवलं आणि कागद काढून विचारलं, "पूजेत काय मागितलंस?"

"नथिंग, सर. वर्षभर साथ दिली म्हणून हत्याराला थँक यू म्हणतो आम्ही."

"माझे आजोबाही म्हणायचे. जपानात कारागीर हा डाग घासून काढेल." त्यांनी म्यानावरून हात फिरवला. "पण राहू दे."

वासुदेवला शब्द फुटेना, आणि ओठांत तर कागदही नव्हता.

पुढच्या खंडेनवमीला मोरिता स्वतःच तलवार घेऊन अजमानला हजर झाले. ह्या खेपेस कुंकू म्यानाला लावलं. पातं आत होतं, त्यामुळे वासुदेव पूजा संपेपर्यंत अखंड बोलत होता.