हॉविस एकदाच गप्प बसली

जुन्या काळी नॉरफॉक परगण्यातल्या एका गावात हॉविसला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बिअरचं पातेलं ढवळताना ती बोले, कोंबड्या हाकताना बोले, भर प्रार्थनेत शेजारणीच्या कानाशी लागे. जन्मात एकदाच ती गप्प बसली, आणि तेवढ्यात बापानं तिला उजवून टाकलं.

नवरा म्हणजे गिरणीवाला थर्स्टन. दोन बायका पुरून तिसरीच्या शोधात होता मेला. जेवता जेवता बाप ऑस्बर्ट त्याचा हात धरून म्हणाला, “ही माझी पोरगी आजपासून तुझी बायको. काय गं, कबूल?” हॉविसच्या तोंडात वाटाण्याच्या आमटीचा कढत घास होता. थुंकावा तर आई बडवणार, गिळावा तर घसा भाजणार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बघा, लाजली!” बाप खूश झाला. त्या काळी एवढ्या तोंडी कबुलीनंही लग्न लागे.

घास उतरल्यावर तिनं घर डोक्यावर घेतलं. पण थर्स्टन हटेना. शेवटी प्रकरण चर्चच्या न्यायालयात धर्माधिकाऱ्यांपुढे गेलं.

“गप्प बसली म्हणजे कबूलच की, महाराज,” थर्स्टन म्हणाला. धर्माधिकाऱ्यांनी मान डोलावली.

आता मात्र हॉविसनं भलतंच काढलं. “माझं लग्न आधीच झालंय. ख्रिस्ताशी! आपल्या चर्चच्या भिंतीवर संत कॅथरीनचं त्याच्याशी लग्न रंगवलंय ना, अगदी तस्संच. मी लव्हाळ्याची अंगठी घातली आणि म्हटलं, आजपासून तू माझा नवरा.”

लोक खो खो हसले. धर्माधिकारी मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, “अगं बाई, एकट्या नवरीनं हो म्हणून भागतं का? तो काय म्हणाला?”

“काही नाही. गप्प होता.”

“मग संपलं! गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे.”

बोलून गेल्यावर त्यांचा चेहरा पडला. शब्द मागे घ्यावा तर ही देवाची बायको ठरणार, न घ्यावा तर कुणाचीच नाही. थर्स्टनची तर कुठूनच नाही. तोही हे समजून टोपी चुरगाळू लागला.

हॉविसचा आवाज खणखणीत निघाला. “तेवढं परत एकदा म्हणा, महाराज. जरा मोठ्यानं. आमच्या बाबांना कमी ऐकू येतं.”