हाइनरिश घरजावई

सौदीतल्या दम्माममधली रत्नागिरीची मंडळी हलिमा परकारला ओळखतात ती तिच्या सांदणांसाठी. बाई दोनशे वर्षांपूर्वीचं जर्मन अक्षर वाचते म्हटलं, की हसतात. हसोत बापडी! मुंबईत ती जर्मन शिकली, भाषांतरं करायची. लग्नानंतर इथं आली ती नवऱ्याच्या इकाम्यावर, त्याच्या राहण्याच्या परवान्यावर; म्हणजे नोकरी खलास. मग घरी माशा मारत बसण्यापेक्षा तिनं जर्मनीतल्या चर्चच्या जुन्या नोंदी इंटरनेटवर वाचायचा नाद लावून घेतला. पाद्र्यांची अक्षरं अशी गिचमिड, की एकेका आडनावापायी चहा गार व्हायचा. नवरा मोहियुद्दीन म्हणायचा, "मेलेल्या गोऱ्यांचा पाहुणचार पुरे, जिवंत माणसाला जेवायला वाढ!"

शेजारची उल्रिके वेस्टरहोफ एक दिवस कामच घेऊन आली. तिच्या वडिलांना नव्वदावं लागणार होतं आणि तिला त्यांना वंशावळ द्यायची होती. म्हातारा मात्र नको म्हणत होता. त्याची पणजी आन्ना चालीची बरी नव्हती, असं घरात पिढ्यान् पिढ्या कुजबुजत आले होते.

हलिमानं नोंदी काढल्या, तर आन्नाचं लग्न लागलेलं हाइनरिश ब्रोकमानशी आणि पोरांचा बाप कुणी हाइनरिश वेस्टरहोफ! म्हणजे दुसराच बाप्या. तिनं आपलं जे दिसलं ते सांगून टाकलं. उल्रिकेचा चेहरा एवढासा झाला. "नको देऊ या वंशावळ," ती म्हणाली. हलिमाला मग घास गोड लागेना. कुठल्या तोंडानं मी त्या बाईला बदनाम केलं?

शुक्रवारी आईचा गावाहून फोन आला. बोलता बोलता आई म्हणाली, "मुकादम नानांच्या बागेत यंदा आंबा चांगला धरलाय."

"या अल्ला!" हलिमा ओरडलीच. नाना कुठले मुकादम? जन्माचे सोलकर! नानीच्या, म्हणजे बायकोच्या घरी घरजावई म्हणून राहिले आणि सगळा गाव त्यांना मुकादमच म्हणू लागला.

तिनं लग्नाची नोंद पुन्हा पाहिली: वेस्टरहोफ हे आन्नाच्या माहेरच्या शेतघराचं नाव होतं. हलिमानं दफनाच्या नोंदी उलथ्यापालथ्या केल्या आणि शेवटी सापडलं: हाइनरिश वेस्टरहोफ, जन्मानं ब्रोकमान, आन्नाचा नवरा. दोन पुरुष नव्हतेच मुळी! त्या मुलखात शेतावर नांदायला आलेला जावई शेताचंच नाव लावायचा.

व्हिडिओ कॉलवर हलिमानं म्हाताऱ्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एका भल्या बाईची मी जन्मभर लाज बाळगली."

हलिमाला भरून आलं. पण रडत बसेल ती हलिमा कसली! "मग आता वाढदिवसाला चारचौघांत तिचं नाव घ्या की, चांगलं मोठ्यानं!"

म्हाताऱ्याला वाढदिवसापर्यंत कुठला धीर! खुर्चीतून उठला आणि तिथंच खणखणीत आवाजात म्हणाला, "आन्ना वेस्टरहोफ. माझी पणजी!"