मी फक्त ‘बराबर’ म्हणालो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

जालन्याबाहेरच्या धावपट्टीवर विमान शिकवणारी एक छोटी संस्था होती, तिथे मी मेकॅनिक होतो. एकच विमान, तेही जुनाट. सुटा भाग मागितला की मालकाचं ठरलेलं उत्तर — चालवून घ्या. नळीला चिरा पडल्या? चालवून घ्या. गाळणीची जाळी गेली? चालवून घ्या. अहो, हवेत काय चालवून घेणार, कपाळ! डोकं फिरायचं माझं. पण डोकं सगळ्यांचंच फिरतं. म्हणून मी केलं ते काही सगळे करत नाहीत.

शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. कडक, पण मनाने चांगल्या. आदल्या दिवशी त्यांनी बजावलं होतं — चढताना इंजिन अडखळतंय, पेट्रोलची गाळणी खोलून साफ करा. मी केली नाही. विसरलो? छे. नवी जाळी मिळणारच नव्हती — मग कशाला मरायचं, असं म्हणून सोडून दिलं.

सकाळी विमानाजवळ येऊन त्या म्हणाल्या, "गाळणीच तुंबली होती ना?"

"बराबर, मॅडम," मी म्हणालो.

आता आमच्याकडे ‘बराबर’ म्हणजे ‘तुमचं खरं आहे’, आणि ‘सगळं ठीक आहे’ सुद्धा. त्यांनी अंगठा दाखवला आणि एकट्याच चढल्या. थांबवायला वेळ होता का? होता की! मी मात्र निमूट चाकाखालचे ठोकळे काढले.

इंजिन हवेतच बंद पडलं. अंबड रस्त्याकडच्या मोसंबीच्या बागेत विमान कोसळलं. मॅडम वाचल्या, पण पाठीचं हाड मोडलं. त्यांचं विमान चालवणं कायमचं संपलं.

चौकशीत त्यांनी माझा शब्द सांगितला. मी गरीब तोंड केलं — "साहेब, गाळणी तुंबली, हे मॅडमचं म्हणणं बराबर, असं म्हन्लो मी. साफ झाली असं कवा म्हन्लो? जाळीच न्हाई तर मंग बसवू काय?" साहेब लोक बाहेरचे. भाषेचा घोटाळा, असं ठरलं. नीट खात्री न करता उडाल्या, हा ठपका मॅडमवर आला.

त्यांना भेटायला गेलो होतो. पाठीला पट्टा बांधून बसल्या होत्या. मलाच म्हणाल्या, "चूक माझी. मला तुमची भाषा कळायला हवी होती." मी काय केलं? चहा प्यायलो आणि घरी आलो.

आता जुन्या जालन्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. तिथे कुणीही सहज ‘बराबर’ म्हणालं तरी माझी चिडचिड होते, आणि का ते कुणाला सांगता येत नाही.

सगळं ठीक आहे असंच त्यांनी समजावं, म्हणूनच तो शब्द मी वापरला होता. मॅडमना आमची भाषा बराबर कळली होती.