सरांच्या गाडीचा प्रेशर पाइप

सर पेनाचं टोपण काढायचे, पेन कागदाला टेकवायचे आणि आपल्याकडं बघत थांबायचे. आपण म्हणायचं, "सर, तेल बरंच गरम झालंय." पेन हलायचं नाही. "म्हणजे नेहमीपेक्षा जास्तच आहे सर." तरी हलायचं नाही. मग ते शांतपणे म्हणायचे, "अंदाज नको रे. आकडा सांग." आकडा सांगितला की पेन चालायला लागायचं. पॉलिटेक्निकला ते आम्हाला हायड्रॉलिक्स शिकवायचे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं. आवाज कधी चढवला नाही, कुणाला वर्गाबाहेर काढलं नाही. ते थांबलेलं पेनच पुरायचं.

वर्गात एक आणि घरी भलतंच, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सर तसे नव्हते. भाजीवाल्याला "मेथी ताजी आहे का" असं ते विचारायचे नाहीत, "कधी उपटलीस" असं विचारायचे. क्रांती चौकाजवळचा एक मेथीवाला त्यांना लांबून बघितलं की आधीच सांगून टाकायचा, "साब, आज सुबा की है, छे बजे की." काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हसून सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा माझे वडील म्हणाले, मुलगी शांत आहे. तर हे म्हणतात, शांत म्हणजे आठवड्यातून किती वेळा चिडते?"

मी देवगाव रंगारीचा. डिप्लोमा झाला, चार ठिकाणी नोकऱ्या झाल्या, साहेब लोकांशी भांडणंही झाली, कारण माझं डोकं लवकर तापतं. शेवटी चितेगावात पैठण रस्त्याला स्वतःचं दुकान टाकलं. जेसीबीचे, कारखान्यातल्या प्रेसचे, असे तेलाचे प्रेशर पाइप मी बनवतो. रबरी पाइप कापायचा, टोकाला लोखंडी तोंड बसवायचं आणि मशीनमध्ये घालून ते घट्ट आवळायचं. या आवळण्याला क्रिंप म्हणतात. आमच्या धंद्यात माणसाची इज्जत क्रिंपमध्ये असते. पाइप मधेच फुटला तर लोक रबराला शिव्या देतात. क्रिंपपाशी फुटला तर बनवणाऱ्याला देतात.

एक दिवस दुकानासमोर एक बुटकी, दोन दारांची, पिवळी गाडी येऊन थांबली. पैठण रस्त्यावरची सगळी ट्रकवाली मंडळी मान वळवून बघायला लागली. आतून सर उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि पँटला गुडघ्यापर्यंत तेल.

"हे तू बनवतोस?" त्यांनी भिंतीवर टांगलेल्या पाइपांकडं बघत विचारलं.

"व्हय सर."

"मग मला एक बनवून दे. पावर स्टेअरिंगचा आहे. रस्त्यात फुटला."

आता ही गाडी कुठली, तर एका कारखानदाराच्या घरी कितीतरी वर्षं कापडाखाली पडून होती. परदेशी बनावटीची, स्पोर्ट्स म्हणतात तसली. सरांनी निवृत्तीनंतर ती घेतली. काकूंना न विचारता त्यांनी आयुष्यात केलेली ती एकमेव गोष्ट असावी. घरच्या पोर्चमध्ये तिचा एकेक नट खोलून त्यांनी ती पुन्हा उभी केली. जालना रस्त्याच्या बाजूला एका खासगी जागेत गाड्या पळवायचा छोटा ट्रॅक आहे. हौशी लोकांचा एक कंपू रविवारी सकाळी तिथं जमायचा. त्यात पोरं कमी, टक्कल पडलेलीच जास्त. सर सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत वेगवान. बाकीचे खास कपडे घालून यायचे, सर हेल्मेटखाली इस्त्रीचाच शर्ट.

सर माझ्या स्टुलावर बसले, मी क्रिंप मारताना बघत राहिले आणि म्हणाले, "हात चांगला बसलाय तुझा." खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही. आमच्या सरांना माझा हात आवडला, हे मी बायकोला इतक्या वेळा सांगितलं की ती म्हणाली, "लई झालं. भात गार होतोय."

तो पाइप दोन रविवार टिकला. तिसऱ्या रविवारी फोन आला, "अरे, पाइप गेला."

"कुठं गेला सर?"

"क्रिंपपाशी."

मी ट्रॅकवर गेलो. इंजिनवर सगळीकडं तेल उडालेलं, धूर निघत होता. मला वाटलं सायलेन्सरचा पाइप जवळ आहे, त्याची धग लागत असेल. दुसरा पाइप केला, वळसा देऊन लांबून नेला, वर उष्णता अडवणारं कापड गुंडाळलं. तो गेला. मग आत तारेची जाळी असलेला भारी पाइप घातला. तोही गेला. तेल थंड करायला छोटा रेडिएटर बसवला. सर खूश झाले, सगळ्यांना दाखवला, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा फोन, "अरे, पाइप गेला." दर वेळी तोंडाशी, क्रिंपपाशी.

माझी झोप उडाली होती. मशीनचा मी साचा बदलला, तोंडं पुण्याहून मागवली. शेवटी एकदा म्हणालो, "सर, पंपाचंच प्रेशर जास्त नसेल ना? माझ्याकडं गेज आहे, लावून बघू का?"

सरांनी खिशातलं पेन काढलं, थोडा वेळ हातात फिरवलं आणि परत ठेवून दिलं. "मी बघितलंय. ऐंशी बार. असायला हवं तेवढंच."

संपला विषय. तुम्ही म्हणाल, गेज हातात होता तर लावायचा की. पण सरांनी आकडा सांगितल्यावर मी परत मोजायचं म्हणजे सरांचाच कान धरण्यासारखं होतं. आमच्यातल्या कुणीही लावला नसता. मी मान डोलावली आणि पुन्हा माझ्याच क्रिंपमध्ये दोष शोधायला लागलो.

त्या कंपूत चितेगावच्याच एका कारखान्याचे मेंटेनन्सचे साहेब होते. माझं निम्मं काम त्यांच्याकडून यायचं. हळूहळू ते येईनासं झालं. भेटायला गेलो तर ते चेष्टेच्या सुरात म्हणाले, "तुमचं काय खरं नाही राव. दर रविवारी सरांच्या गाडीखाली तेलाचं तळं बघतो मी. उद्या आमच्या प्रेसवर माणूस भाजला म्हणजे?" तळं तर खरंच होतं. दुसऱ्या दोन कारखान्यांनीही मग हेच कारण दिलं. एवढ्या वर्षांत कमावलेलं नाव एका पिवळ्या गाडीच्या खाली सांडत होतं, आणि मला त्यातही काळजी सरांचीच. वळणावर पाइप फुटून स्टेअरिंग जड झालं तर म्हातारा जाईल, असं वाटायचं.

दिवाळीनंतर सर आणि काकू मुलीकडं गेले. गाडी माझ्या दुकानात सोडली, "निवांत बघ" म्हणाले. पंपाच्या सीलमधून तेल पाझरत होतं, म्हणून पंप काढायचाच होता. काढायच्या आधी सहज गेज लावला. इंजिन चालू केलं, स्टेअरिंग एका कडेला नेऊन धरलं. काटा ऐंशीवर थांबला नाही. शंभर ओलांडून सव्वाशेच्या पुढं गेला.

मी गेज बदलला. पुन्हा तेच.

पंपात एक वॉल्व्ह असतो. दाब हद्दीबाहेर गेला की तो उघडतो आणि तेल मागं फिरवतो. मी तो खोलला. आत स्प्रिंगच्या मागं एक जाडसर वॉशर घातलेला होता. तसा वॉशर घातला की स्प्रिंग ताठ होते, वॉल्व्ह उशिरा उघडतो. स्टेअरिंग मग लोण्यासारखं फिरतं, पण तेल उकळायला लागतं, पाइपाचं रबर आतून शिजतं आणि तोंडाशी फुटतं. पाइप कुणीही केला असता तरी फुटला असता. तो वॉशर कंपनीचा नव्हता. हातानं कानस मारून केलेला होता, कडांची धार आतून-बाहेरून घासून मोडलेली. कडा अशा मोडायला आम्हाला वर्कशॉपमध्ये एकाच माणसानं शिकवलं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. दुकान बंद करून मी तसाच बसून राहिलो.

सर परतले त्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. पोर्चमध्ये वेताच्या खुर्चीवर बसले होते. मी वॉशर समोरच्या टीपॉयवर ठेवला.

"कधी घातला सर?"

"दीड वर्ष झालं."

"म्हणजे मी पहिला पाइप केला त्याच्या आधी."

ते टीपॉयवरचा वॉशर उचलायला गेले आणि तो बोटांतून निसटला. पुन्हा गेले, पुन्हा निसटला. मग त्यांनी डाव्या हातानं उचलला. "उजव्या हाताची ही तीन बोटं ऐकत नाहीत रे," ते म्हणाले. "रुंद टायरांवर स्टेअरिंग जड लागतं. वळणात हात सुटायला लागला. म्हणून घातला."

"मला सांगायचं ना. मी काय गावभर बोंबलत फिरलो असतो?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला गाडीत बसू दिलं नसतंस."

हे खरं होतं. नसतंच बसू दिलं. मला त्यांची कीवही आली, मी ती लपवणार नाही. पण राग त्याच्यापेक्षा मोठा होता. "आणि माझं काय सर? कामं गेली माझी. लोक म्हणतात याचे क्रिंप सुटतात. तुम्ही तिथंच उभे असता, ऐकता."

सरांनी माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं त्यांच्यासमोर उभा राहिलो, पण एवढं परकं बघणं मी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "तू तरुण आहेस. तुझं नाव परत होईल. माझ्याकडं किती रविवार उरलेत?"

असं म्हणाले. आणि त्यांना त्यात काही वावगंही वाटलं नाही. मी उठलो तेव्हा मात्र त्यांनी माझा दंड धरला. "मी सांगतो सगळ्यांना. या रविवारी सांगतो. पाइपात दोष नव्हता म्हणून."

मी वॉशर काढून टाकला, सील बदललं, पंप बसवला, नवा पाइप जोडला आणि गाडी त्यांच्या पोर्चमध्ये नेऊन लावली. तो पाइप पुन्हा फुटला नाही. सरांना ती गाडी पूर्वीसारखी चालवताही आली नाही. चौकापर्यंत नेऊन आणायचे म्हणे. ट्रॅकवर ते बघायला जात, खुर्ची टाकून बसत. मी फोनची वाट बघत होतो. मेंटेनन्सच्या साहेबांचा येईल, दुसऱ्या कुणाचा येईल, कुणीतरी म्हणेल की गैरसमज झाला. एक रविवार गेला, दुसरा गेला, उन्हाळा गेला. मी स्वतः जाऊन सांगितलं असतं तर कुणाला पटलं असतं? सरांनी मोजलेलं चुकतं, हे मलाच पटलं नव्हतं.

पावसाळ्याच्या शेवटी सर गेले. झोपेतच गेले.

भेटायला गेलो तेव्हा हॉलमध्ये कंपूतली मंडळी बसली होती, नातेवाईक होते. फोटोला हार होता. मेंटेनन्सचे साहेब सरकून मला जागा देत म्हणाले, "या. सरांचा तुमच्यावर लई जीव. आम्ही म्हणायचो, सर, दुसरीकडून करून घ्या पाइप. तर म्हणायचे, पोरगं आपलं आहे, चुकतं त्याचं, पण आपणच सांभाळून घ्यायला पाहिजे." सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, "असा माणूस होणे नाही." मग साहेबांनी आवाज खाली आणून सांगितलं की गाडी तेच घेतायत, काकूंशी बोलणं झालंय. "तेवढा पाइप आधी बाहेरून बदलून घेतो हं. राग मानू नका."

"घ्या बदलून," मी म्हणालो. हार घातलेल्या फोटोखाली बसून दुसरं काय बोलणार होतो.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. इकडं-तिकडं बघून हळूच म्हणाल्या, "त्यांना सांगायचं होतं हो तुमच्याबद्दल. दर रविवारी निघताना म्हणायचे, आज सांगतो."

म्हणजे यांना सगळं माहीत होतं. मला एकदम आशा वाटली. मी म्हणालो, "काकू, सगळे आत बसलेत. तुम्ही सांगा ना. एवढं एकच वाक्य सांगा, की पाइपात दोष नव्हता."

काकूंनी पदर सारखा केला. "आता गेलेल्या माणसाचं कसं काढायचं," त्या म्हणाल्या, आणि आत वळल्या.

मी पायऱ्या उतरून चपला घालत होतो. आतून कुणा पाहुण्यानं विचारलं, "कोण आलं होतं?"

काकू म्हणाल्या, "ह्यांचा तो पाइपवाला."